समुद्र न पाहिलेल्या गावातला पोरगा आणि मार्कोस

गिरणाकाठ
रविवार, सकाळी ७:४०

माझा भाचा चाळीसगावला बारावी सायन्सला आहे. पोळ्याला घरी आला तेव्हा जेवता जेवता त्याने सांगून टाकलं, मला नौदलात जायचंय आणि पुढे मार्कोसमध्ये, म्हणजे नौदलाच्या कमांडो तुकडीत. माझी बहीण खापरावरून पोळी उतरवत होती. ती करपली तरी तिचा हात हलला नाही.

कारण सांगतो. १९९४ च्या श्रावणात आमचा मोठा भाऊ गिरणेच्या डोहात गेला. तो १४ वर्षांचा, मी ११ चा, बहीण ८ वर्षांची. ती तेव्हा काठावर उभी होती. त्यानंतर आमच्या घरातलं एकही पोर नदीत उतरलेलं नाही. धरणाचं आवर्तन सुटलं की आई दाराला आतून कडी घालायची. आई गेली, पण कडी घालायची सवय बहिणीने उचलली. भाचा रोज पहाटे पळतो, १६०० मीटर ६ मिनिटांच्या आत काढतो, दंडबैठका मारतो. पण गळ्याएवढ्या पाण्यात तो आजवर कधी उभा राहिलेला नाही.

बहीण मला एवढंच म्हणाली, "मना पोऱ्याले पानीमा धाडू नको." मी तिला काय सांगू ते मला कळत नाहीये.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे मार्कोस नक्की काय काम करतात? मोबाइलवर जे व्हिडिओ फिरतात त्यात काळे कपडे आणि गोळीबार, यापलीकडे काही कळत नाही. आणि ज्याच्या घरात पाण्याचं हे असं आहे त्या पोराने हे मनात धरावं का? जाणकारांनी खरंखरं सांगावं. पोराला खोटी आशा लावायची नाही आणि उगाच मोडताही घालायचा नाही.

केळीबाग_रावेर
रविवार, सकाळी ९:०५

बाकीचं जाणकार सांगतीलच, मी एका गोष्टीपासून सावध करतो. आपल्याकडे धुळे, जळगाव, नंदुरबारला भरती अकॅडम्या गल्लोगल्ली झाल्या आहेत. काही मनापासून शिकवतात. पण माझ्या चुलतभावाने एका ठिकाणी पोरासाठी ८० हजार भरले, कारण तिथे 'थेट मार्कोस बॅच' असा फलक होता. पोराने वर्षभर अंगावर चिखल लावून फोटो काढले आणि शेवटी कळलं की थेट मार्कोसची भरती असा प्रकारच नसतो. आधी नौदलात जावं लागतं, मग आतून स्वेच्छेने नाव द्यावं लागतं. ते पैसे दोन हंगामांच्या केळीतून उभे केले होते. कोणी असा फलक दाखवला तर पाठ फिरवा.

पांझरेचा_नाविक
रविवार, दुपारी १:३०

गिरणाकाठ भाऊ, मी धुळे तालुक्यातला. १५ वर्षं नौदलात काढली, इंजिन रूमचा माणूस. मार्कोस नव्हतो. हे आधी सांगतो, कारण आपल्याकडे निवृत्त होऊन आलेल्या माणसाला गाव परस्पर कमांडो करून टाकतं. पण त्यांना माझ्या जहाजाच्या डेकवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरताना पाहिलंय. स्लिदरिंग म्हणतात त्याला. हेलिकॉप्टर हलतंय, खाली जहाज डोलतंय, वाऱ्याने दोर तिरका होतोय, आणि एकामागून एक माणूस खाली येतोय. पहिल्याचे पाय डेकला लागून तो बाजूला होतो न होतो तोच दुसरा टेकतो. आम्ही कामं टाकून बघत राहायचो.

पूर्ण नाव मरीन कमांडो फोर्स. फेब्रुवारी १९८७ मध्ये सुरुवात झाली तेव्हा इंडियन मरीन स्पेशल फोर्स म्हणत, १९९१ मध्ये नाव बदललं. सुरुवातीचे ३ अधिकारी अमेरिकन नौदलाच्या सील्स या कमांडोंकडे शिकून आले होते. मुख्य तळ मुंबई बंदराच्या पलीकडे, उरणजवळ करंजाला, आयएनएस अभिमन्यू. २०१६ पासून विशाखापट्टणमजवळ भीमुनिपट्टणमला आयएनएस कर्ण.

तुकडी उभी राहून वर्षही झालं नव्हतं आणि ती श्रीलंकेत गेली. ऑक्टोबर १९८७ मध्ये लेफ्टनंट अरविंद सिंग यांच्या तुकडीने जाफन्यात रात्री गुरुनगरचा धक्का स्फोटकांनी उडवला. एलटीटीई या तमिळ बंडखोरांची ये-जा तिथून चालायची. अरविंद सिंग यांना महावीर चक्र मिळालं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी सत्ता उलथवायचा प्रयत्न केला आणि तो फसल्यावर ओलीस घेऊन 'प्रोग्रेस लाइट' नावाच्या मालवाहू जहाजातून पळाले. आयएनएस गोदावरी आणि बेतवा यांनी ते भर समुद्रात गाठलं. त्यावर चढून ताबा घेणं हे या लोकांचं काम.

कामाचं स्वरूप विचारलंत. बंदरं, जहाजं, समुद्रातले तेलफलाट, किनारे, जिथे पाणी आहे आणि वैरी आहे तिथे ते जातात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र आहे. तिथे 'प्रस्थान' नावाचा सराव होतो, त्यात तेलफलाटावर अतिरेकी शिरले असं धरून तो सोडवायचा. आता विचार करा, पायाखाली लोखंडी जाळी, खाली समुद्र, भोवती गॅस आणि तेलाच्या नळ्या. एक गोळी चुकली तर अख्खा फलाट पेटेल. आपण जी गोळीबाराची दृश्यं बघतो त्याच्या अगदी उलट काम आहे हे. गोळी कधी झाडायची नाही हे त्यांना आधी शिकावं लागतं.

आणि एक. काश्मीरमध्ये वुलर सरोवर आहे, गोड्या पाण्याचं, झेलम त्यात येऊन मिळते. अतिरेकी होड्यांतून ते ओलांडायचे, म्हणून १९९० च्या दशकापासून तिथे मार्कोस आहेत. लोकांत मिसळून राहायचं म्हणून दाढ्या वाढवल्या, तर 'दाढीवाला फौज' हे नाव पडलं. म्हणजे नौदलाची ही तुकडी समुद्रापासून शेकडो कोस दूर, डोंगरात, थंडीत काम करते. तेव्हा खान्देशात समुद्र नाही म्हणून पोराने मागे सरायचं काही कारण नाही.

भरतीचं सांगतो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र आहे ना? मग अग्निवीर एसएसआरला, म्हणजे नौदलाच्या नाविक भरतीला बसता येईल. १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, २० उठाबशा आणि जोर यात तो पास होईल. प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला. अधिकारी व्हायचं तर बारावीवर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) किंवा केरळात एझिमलाच्या अकादमीची बीटेक एन्ट्री. अग्निवीरची मुदत ४ वर्षं आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, हे घरात आधीच बोलून ठेवा. एनडीएचा अभ्यास आधी करा, माझं मत.

मार्कोससाठी नाव दिल्यावर पहिले ३ दिवस नुसती चाळणी. तिथेच कितीतरी परत जातात. मग झोप मोडून, ओल्या कपड्यात, वजन पाठीवर घेऊन आठवडेच्या आठवडे. मग पाण्याखाली बुडी मारायचं शिक्षण कोचीला, पॅराशूट आग्र्याला, जंगलातलं युद्ध मिझोराममध्ये वैरेंगटेला. सगळं धरून सुमारे २ वर्षं. शेवटपर्यंत टिकणारे फार थोडे.

पाण्याविषयी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला एवढंच येतं. पोहता येत नसलेली पोरं माझ्या तुकडीतही होती, शिकली. पण जे भीती लपवून आले ते टिकले नाहीत. भीती आहे हे उस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्याला सांगितलं तर तो शिकवतो. लपवली तर ती १० फूट खोलीवर बाहेर येते.

वरणगाव_वसाहत
रविवार, रात्री ८:५०

मी वरणगावच्या आयुध निर्माणीत ३१ वर्षं काढली. १९६४ पासून तिथे बंदुकीची काडतुसं होतात. आम्ही कधी समुद्र पाहिला नाही, पण प्रत्येक काडतूस तपासताना माझे वरिष्ठ म्हणायचे, हे ऐन वेळी उडालं नाही तर एका घरातला दिवा जाईल. गिरणाकाठ भाऊ, तुमचा भाचा तिकडे जावो न जावो, त्याला एकदा आमच्याकडे जेवायला घेऊन या. वरणबट्टी करू.

कल्याणस्थ_पाचोरेकर
सोमवार, पहाटे १२:२०

हा धागा वाचून झोप लागेना म्हणून लिहितोय.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई होतो. रात्री ९:५० ची गाडी पकडायला सीएसटीकडे निघालो आणि चौकातच लोक उलटे पळत येताना दिसले. परत कचेरीत शिरलो, शटर ओढलं, रात्रभर तिघं जण जिन्याखाली बसलो. स्फोट ऐकू यायचे. रेडिओ नव्हता, फोन लागत नव्हते. पाचोऱ्याला आईला वाटलं मी गेलो. ती सकाळपर्यंत गल्लीतल्या मारुतीच्या पारावर बसून होती.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या रात्रीबद्दल मिळेल ते वाचलं. १० जण समुद्रातून आले. पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट वाटेत पळवली, मुंबईजवळ आल्यावर तिच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला मारलं आणि रबरी होडीतून कफ परेडला बधवार पार्कापाशी उतरले. तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलंही होतं. १६६ माणसं गेली. आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर हेलिकॉप्टरमधून उतरणारे काळ्या कपड्यांतले एनएसजी कमांडो आहेत, आणि त्यांनी जे केलं त्याला तोड नाही, २९ तारखेच्या सकाळपर्यंत ते लढत होते. पण ते दिल्लीहून येऊन ताबा घेईपर्यंतच्या रात्री ताज आणि ट्रायडंटमध्ये जे शिरले ते मार्कोस. मध्यरात्रीनंतर २ च्या सुमारास, मोजके लोक. ताजची इमारत १९०३ मधली, बोळांतून बोळ, आत धूर आणि अंधार, नकाशा नाही, कोण पाहुणा आणि कोण अतिरेकी ते समजायला मार्ग नाही.

त्यांच्यातले प्रवीण कुमार तेवतिया ताजमधल्या चेंबर्स नावाच्या भागात एका काळोख्या खोलीत सगळ्यांच्या पुढे होते. ४ गोळ्या लागल्या, एक कानापाशी, छातीतही. पडल्या जागेवरून त्यांनी अतिरेक्यांना गुंतवून ठेवलं आणि तेवढ्या वेळात आतली माणसं वाचली. शौर्य चक्र मिळालं. फुफ्फुसाला इजा, ऐकू येणं कमी झालं, आणि त्यानंतर हा माणूस मॅरेथॉन पळाला, आयर्नमॅन ही पोहणं, सायकल आणि धावण्याची शर्यत केली. मला हे वाचताना नेहमी एकच वाटतं, की मी जिन्याखाली बसलो होतो तिथून हे सगळं दीड-दोन किलोमीटरवर चालू होतं.

नंतर मार्कोसच्या एका अधिकाऱ्याने तोंडाला काळा कपडा बांधून, डोळ्यांवर गॉगल लावून पत्रकारांशी बोलल्याचं टीव्हीवर पाहिलं. अतिरेक्यांची एक पिशवी सापडली होती, तिच्यात काडतुसं, हातबॉम्ब, मॉरिशसचं ओळखपत्र. सगळं शांतपणे सांगितलं आणि उठून गेला. आजही मला त्याचं नाव माहीत नाही.

गिरणाकाठ भाऊ, तुमच्या बहिणीला सांगा की एक आई पारावर रात्रभर बसली होती आणि तिचा पोरगा घरी आला. आला, कारण कोणाच्या तरी आईने आपला पोरगा पाण्यात धाडला होता.

गिरणाकाठ
सोमवार, सकाळी ६:१५

पाचोरेकर भाऊ, तुमचं लिहिलेलं बहिणीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. उठून गोठ्यात गेली. नंतर विचारलं, "त्या माउलीचं नाव काय?" तुमच्या आईचं. मी म्हटलं, विचारतो.

वुलरचं वाचून भाचा मात्र उड्या मारतोय. मला स्वतःला एक शंका आहे. अतिरेकी आणि समुद्री चाचे हे एकच काम का? बातम्यांत कधी हे असतं, कधी ते.

शहादा_मास्तर
सोमवार, संध्याकाळी ५:४०

मी इतिहास शिकवतो. नदीकाठच्या पोरांना एक गोष्ट माहीत असावी म्हणून लिहितो.

मार्कोस १९८७ मध्ये आले, पण आपल्या नौदलाने त्याच्या १६ वर्षं आधी असंच एक काम केलं होतं. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून पळून आलेल्या तरुणांसाठी पश्चिम बंगालमध्ये प्लासीला, लढाईच्या त्याच जुन्या रणभूमीजवळ, भागीरथीच्या काठावर गुप्त छावणी उभारली. आलेली पोरं कोण? शेतकऱ्यांची, कॉलेजात शिकणारी. समुद्रावर नोकरी केलेला त्यांच्यात क्वचितच कोणी. पण नदीत वाढलेली होती. आपल्या नौदलाच्या लोकांनी त्यांना जवळपास ३ महिने त्या नदीतच तयार केलं. छातीला वजन बांधून तासन्‌तास पोहायचं, फक्त नाक वर ठेवून, पाण्याचा आवाज न करता. मग चुंबकी सुरुंग छातीला बांधून जहाजाच्या तळाशी जायचं, शेवाळ खरवडायचं, सुरुंग चिकटवायचा आणि परत यायचं. कधी निघायचं याची खूण आकाशवाणीवरून लागणाऱ्या ठरलेल्या गाण्यांनी दिली. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत एकाच वेळी जहाजं बुडाली. पुढे त्याच युद्धात या पोरांच्या बाजूने लढलेले आपले नाविक चिमण सिंग यांना महावीर चक्र मिळालं.

आपल्याकडे तापी आहे, गिरणा आहे, नर्मदा आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे सरदार सरोवराचं पाणी गावांत शिरल्यापासून माणसं होडीशिवाय बाजारालाही जाऊ शकत नाहीत. २०१९ च्या संक्रांतीला तिथे होडी उलटून माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. इतकं पाणी असून आपण पोरांना पोहायला शिकवत नाही. जिल्हा परिषदेच्या एकाही शाळेत मी पोहण्याचा तास पाहिला नाही. माझ्या वर्गात ४० मुलं आहेत. विचारलं तर ६ जणांनी हात वर केले, आणि ते सहाही भिल्ल वस्तीतले. खान्देशातल्या भिल्लांची पलटण १८२५ मध्ये धरणगावला उभी राहिली होती, ती इंग्रजांनी त्यांच्या गरजेसाठी उभी केली. आज आपल्या गरजेसाठी या पोरांना कोणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. यंदा मी माझ्यापुरतं ठरवलंय, की त्या सहा जणांचे नौदलाचे फॉर्म मी स्वतः भरून घेणार.

पांझरेचा_नाविक
सोमवार, रात्री ९:१०

मास्तर, फॉर्म भरताना आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना ते बघा. आपल्याकडची निम्मी पोरं तिथे अडकतात.

गिरणाकाठ भाऊ, तुमच्या शंकेचं. चाच्याला पैसा हवा असतो, म्हणून ओलीस जिवंत ठेवणं त्याच्या फायद्याचं असतं. अतिरेक्याला बहुतेक वेळा मारायचंच असतं. त्यामुळे पहिल्यात वेळ काढता येतो, दुसऱ्यात वेळ हाताशी नसतो. पण जहाजावर चढायची रीत, एकेक खोली तपासायची रीत, माणसं तीच.

जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' हे जहाज सोमालियाच्या बाजूला चाच्यांच्या तावडीत सापडलं. २१ खलाशी, त्यातले १५ आपले. ते सिटाडेलमध्ये जाऊन बसले. सिटाडेल म्हणजे जहाजाच्या पोटातली आतून बंद होणारी भक्कम खोली. आयएनएस चेन्नईवरून मार्कोस चढले, सगळं जहाज पिंजून काढलं, चाचे आधीच पसार झाले होते, खलाशी सुखरूप. लोकांना वाटतं मग त्यात काय केलं? इंजिन रूममध्ये आयुष्य घातलेला माणूस म्हणून सांगतो. मालवाहू जहाजाच्या पोटात अंधारे जिने, तेलकट पायऱ्या, टाक्यांमधल्या चिंचोळ्या वाटा. गोळी लोखंडावर आपटली की कुठे जाईल सांगता येत नाही. प्रत्येक दारामागे कोणी असेल असं धरून दार उघडायचं, आणि शेवटच्या दारामागे भेदरलेला आपलाच माणूस असतो, त्याच्यावर बंदूक चालता कामा नये.

त्याच वर्षी १६ मार्चचं 'रुएन' हे मालवाहू जहाज. ते डिसेंबरपासून चाच्यांच्या ताब्यात होतं आणि त्यावरून ते दुसरी जहाजं लुटायला निघाले होते. आपल्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटरवर आयएनएस कोलकाताने ते अडवलं. चाच्यांनी गोळीबार केला, टेहळणीचं ड्रोन पाडलं. कोलकाताने नेमका मारा करून त्यांचं सुकाणू निकामी केलं. मग वायुदलाच्या सी-१७ विमानातून रबरी होड्या आणि मार्कोस पॅराशूटने थेट समुद्रात उतरवले. ४० तासांनंतर ३५ चाच्यांनी शरणागती पत्करली. १७ खलाशी, एकालाही ओरखडा नाही. चाच्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केलं, कारण २०२२ मध्ये आपण चाचेगिरीविरोधी कायदा केला आहे.

बहिणीला हे शेवटचं जरूर सांगा. ४० तास, आणि १७ घरांत माणूस परत गेला.

वाघूरची_लेक
मंगळवार, दुपारी ३:२५

मी जळगावला पोहण्याच्या तलावावर बायका-मुलांच्या बॅच घेते. माझी मुलगी दहावीत आहे आणि तिच्याही मनात हेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नौदलाने ही वाट मुलींनाही खुली केली. म्हणून मी हा धागा पहिल्यापासून वाचतेय.

भाऊ, भाच्याला गिरणेत शिकवायला जाऊ नका. तुमच्या लहानपणची गिरणा आता राहिली नाही. वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे झालेत, वरून पाणी गुडघ्याएवढं दिसतं आणि पुढच्या पावलाला माणूस बुडतो. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा घरांत एका घरातलं कोणी ना कोणी असं गेलेलं असतं. सुरुवात तलावातच करा.

आणि शिकवायची पद्धत. लोक आधी हात मारायला शिकवतात. मी पहिले ४ दिवस पोहायला शिकवतच नाही. उथळ पाण्यात कठड्याला धरून बसायचं, तोंड पाण्यात घालून नाकाने हळू हळू श्वास सोडायचा. घाबरलेला माणूस श्वास कोंडतो, आणि कोंडला की अंग ताठ होतं, ताठ अंग खाली जातं. श्वास सोडता आला की शरीराला कळतं की पाणी आपल्याला उचलतंय. मग पाठीवर तरंगायचं, मी मानेखाली फक्त दोन बोटं ठेवते. मग उभ्याने पाय मारत जागेवर तरंगणं, आधी १ मिनिट, मग ५, मग २०. हात मारणं त्यानंतर आपोआप येतं. जो न दमता २० मिनिटं जागेवर तरंगतो त्याचं पुढचं सगळं जमतं. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या ज्या कमांडोंचं काम नाविकदादांनी सांगितलं त्यांचीही पाटी इथूनच सुरू होते. त्यांच्याकडे बुडबुडे न सोडणारी श्वासयंत्रं असतात, त्यात शुद्ध प्राणवायू वापरला तर ६-७ मीटरखाली तोच विषारी ठरतो. म्हणजे अंधाऱ्या पाण्यात खोली चुकू न देता, श्वास शांत ठेवून जायचं. शांत श्वास हीच तिथली पहिली विद्या.

एक विनंती. भाच्याबरोबर ताईंनाही आणा. त्यांनी पाण्यात उतरावं असं मी म्हणत नाही. कठड्यावर बसू द्या. मुलगा पाण्यात काय करतो हे त्यांना घरी बसून कळणार नाही, आणि जे दिसत नाही त्याचीच मनात वाईट चित्रं होतात.

केळीबाग_रावेर
मंगळवार, रात्री ८:००

ताई, तुमची बॅच कधी असते? माझी दोन पोरं आहेत.

वाघूरची_लेक
मंगळवार, रात्री ८:४०

सकाळी ६ ते ७, सोमवार सोडून. रावेरहून पहाटेच्या गाडीने येता येईल. भुसावळचे चौघे येतात तसेच.

कल्याणस्थ_पाचोरेकर
बुधवार, रात्री ११:०५

गिरणाकाठ भाऊ, आईचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला निरोपात कळवलंय. आई आता ८१ वर्षांची आहे. तुमच्या बहिणीने विचारलं म्हटल्यावर म्हणाली, तिला घेऊन ये किंवा मला घेऊन चल.

गिरणाकाठ
सुमारे ३ महिन्यांनी, रविवार, दुपारी २:१०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

भाचा तलावावर जायला लागला. रविवारी मी त्याला कजगावहून गाडीने घेऊन जातो, सुट्टीत तो आत्याकडे जळगावलाच राहिला. पहिल्या दिवशी कठडा सोडेना. वाघूरच्या ताईंनी त्याला काहीही म्हटलं नाही, नुसतं श्वास सोडायला लावलं. आठव्या दिवशी पाठीवर तरंगला. आता जागेवर १४ मिनिटं तरंगतो.

बहीण पहिले ५ रविवार आली नाही. मग पाचोरेकर भाऊंची आई पाचोऱ्याला आलेली होती, मी दोघींची भेट घालून दिली. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो, आत काय बोलल्या मला माहीत नाही. निघताना त्या माउलीने हिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दोघी रडल्या.

त्याच्या पुढच्या रविवारी बहीण पहाटे ४ ला तयार होऊन दारात उभी. तलावावर गेली तर कठड्यापासून दहा पावलं लांब, भिंतीला टेकून बसली. पदर तोंडावर. भाचा पाण्यात शिरला तसे तिने डोळे मिटले. मग बराच वेळ तिला त्याच्या श्वासाचा आवाज येत राहिला, फूऽऽ करून सोडतात तो. हळूहळू ती पुढे सरकली. शेवटी कठड्यावर येऊन बसली, पाय वर घेऊन, आणि वाघूरच्या ताईंना विचारलं, "पानी कितलं खोल शे?"

ताई म्हणाल्या, इथे साडेतीन फूट, तिकडे आठ.

ती म्हणाली, "त्याले आठमा कवय लई जाशात?"

पुढच्या रविवारी नेणार आहेत. एनडीएचा फॉर्म भरलाय. नाविक दादा, आता आणखी काय बघून ठेवायचं ते सांगा.

पांझरेचा_नाविक
रविवार, दुपारी ४:३०

दोन गोष्टी लगेच करा. कानाच्या डॉक्टरकडे नेऊन दोन्ही पडदे तपासून घ्या. लहानपणी कान फुटला असेल, पू येत असेल तर आत्ताच उपचार करा. पडद्याला भोक असेल तर नौदलात तिथेच थांबवतात, आणि पाण्याखाली तर तो जाऊच शकत नाही. दुसरं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंग ओळखायची चाचणी. ठिपक्यांतले आकडे वाचायचे असतात. हे आधी कळलेलं बरं.

आठ फुटात नेताना पहिल्या दिवशी पोट रिकामं ठेवा, निघताना फक्त एक केळं. आणि बहिणीला सोबत न्या.

केळीबाग_रावेर
रविवार, संध्याकाळी ६:०५

केळी मी घेऊन येतो. आम्हीही रविवारी तिथेच आहोत.